दोन दिवस मागे

ऑगस्टमधल्या एका बुधवारी, दुपारी अडीचच्या सुमारास फेल्डहोवन या डच गावातल्या एका घराची घंटा वाजली. प्रमोदिनीने दार उघडलं तर बाहेर दोन पोलीस, एक बाई आणि एक बाप्या, दोघांच्याही टोप्या हातात. तिला वाटलं, शिरीषने गाडी पुन्हा चुकीच्या जागी लावली असणार. तिने त्यांना आत घेतलं, कॉफी घेणार का म्हणून विचारलं. त्या बाईने नको म्हटलं आणि नवऱ्याला घरी बोलवा म्हणाली. शिरीष ऑफिसातून सायकल मारत बारा मिनिटांत पोचला. तोवर त्या दोघांनी तिला काही सांगितलं नव्हतं आणि तिनेही काही विचारलं नव्हतं. तिघं सोफ्यावर बसून होती.

त्यांचा एकुलता एक मुलगा सारंग आदल्या दिवशी कॅनडात एका नदीत बुडाला होता.

"पण त्याला पोहता येतं," प्रमोदिनी म्हणाली. मग तेच वाक्य तिने डचमध्ये सांगितलं. त्या पोलीस बाईने मान हलवली. ती वाद घालणार नव्हती.

सारंगला पोहता येत होतंच. १९९३ साली शिरीषला आइंडहोवनजवळच्या एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी लागली आणि तिघं पुण्याहून इथे आली तेव्हा सारंग नऊ वर्षांचा होता. इथली मुलं पाचव्या-सहाव्या वर्षीच पोहायला शिकतात, कारण घरातून बाहेर पडलं की दहा पावलांवर कालवा. त्यामुळे सारंगला पाच वर्षांच्या चिमुरड्यांच्या वर्गात बसवलं. सगळ्यांत उंच तोच, आणि बुडायला घाबरणाराही तोच. प्रमोदिनी दर शनिवारी तलावाकाठच्या बाकावर टॉवेल घेऊन बसायची. शेवटच्या परीक्षेला कपडे आणि बूट घालून पाण्यात उडी मारायची असते. त्याने मारली. 'ए' पातळी झाली, मग 'बी', मग 'सी'. तिन्ही प्रशस्तिपत्रकं तिने जिन्यातल्या भिंतीवर लावली होती.

पुढे पाण्याने त्याला धरलं ते धरलंच. एनस्खेडेच्या विद्यापीठात तो सिव्हिल इंजिनियरिंगला गेला, पण सगळं लक्ष नद्यांत आणि दलदलींत. तिथल्या कनू क्लबमध्ये, लांब हलक्या होड्या वल्हवणाऱ्यांच्या, त्याला मार्टेन भेटला. मार्टेन कालेनबर्गचा, उत्तरेकडच्या पाणथळ बोरूच्या रानातला. त्यांच्या गावात घरोघरी दाराशी होडी, रस्ता मागाहून आलेला. दोघांनी दोन हिवाळे एकच बेत रचला: ओंटारिओच्या वायव्य टोकाला एक राखीव अरण्य आहे, तिथे सोळा दिवस होडीने हिंडायचं.

ईस्टरच्या सुट्टीत सारंग घरी आला तेव्हा त्याने जेवणाच्या टेबलावर त्या अरण्याचा नकाशा पसरला. प्रमोदिनीने पानं नकाशाच्या कडेकडेने मांडली. नकाशावर हिरव्यापेक्षा निळंच जास्त होतं. एका तळ्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून नदीत, नदीतून पुन्हा तळ्यात. रस्ता नाही, वीज नाही, वस्ती नाही. पाण्यावर उतरणारं छोटं विमान होडीसकट एका तळ्यात सोडतं आणि ठरल्या दिवशी दूरच्या दुसऱ्या तळ्यातून उचलतं. मध्ये जिथे नदी खडकांवरून कोसळते तिथे काठाला लागायचं, सामान पाठीवर आणि होडी खांद्यावर घ्यायची, झाडांतून चालत खाली जायचं आणि पुन्हा पाण्यात उतरायचं.

"एवढं पाणी आणि एकही पूल नाही?" शिरीष म्हणाला.

"बाबा, पूल कुणासाठी बांधायचा?" सारंग हसून म्हणाला.

मुलाला आणायला शिरीष एकटाच गेला. प्रमोदिनीची जाण्यासारखी अवस्था नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ती तिथे नको होती. का नको होती, ते त्याने स्वतःलाही त्या वेळी नीट विचारलं नाही.

अरण्याच्या दक्षिणेला एक लहान गाव होतं. तिथल्या इस्पितळात त्याने सारंगला ओळखलं, कागदांवर सह्या केल्या. गावातच थांबलेल्या मार्टेनला भेटण्याआधीच त्याने विमानवाल्याला विचारलं की ती जागा दाखवशील का. विमानवाला साठीचा, कमी बोलणारा माणूस होता. त्याने पुढच्या सकाळी त्याला शेजारी बसवून नेलं.

शिरीषने आयुष्यातली बारा वर्षं अशा देशात काढली होती जिथे चरसुद्धा पट्टीने आखलेला असतो आणि पाणी किती चढलं, किती उतरलं हे रोज कुणीतरी मोजत असतं. इथे खाली नजर जाईल तिथवर काळपट स्प्रूसची झाडं आणि त्यांच्यामध्ये पाणीच पाणी, वाटेल तसं वळलेलं, फुटलेलं, साचलेलं. मधूनच जळून गेलेल्या रानाचे करडे पट्टे. एका ठिकाणी विमानवाला खाली आला आणि त्याने बोट दाखवलं. दोन तळ्यांना जोडणारा एक अरुंद पांढरा पट्टा होता. वरून तो अगदी किरकोळ दिसत होता.

"होडी उलटली आणि पाय दोन दगडांच्या फटीत अडकला," तो म्हणाला. "लाइफ जॅकेट होतं अंगात. पण प्रवाह माणसाला पुढे वाकवून पाण्याखाली दाबून ठेवतो. कितीही पट्टीचा पोहणारा असो."

"काठाने वाट नव्हती?"

"आहे की. ती बघा." झाडांतून एक बारीक रेघ जात होती. "साडेतीनशे मीटर. सामान असेल तर तीन फेऱ्या. दीड तास धरा."

शिरीष ती रेघ मागे पडेपर्यंत बघत राहिला.

अंत्यसंस्कार आइंडहोवनला झाले. मराठी मंडळातले झाडून सगळे आले, सारंगच्या विद्यापीठातली पोरं आली. मार्टेन दाराशी आला तेव्हा प्रमोदिनी जागेवरून उठली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "हा आत येणार नाही." तो मागच्या मागे फिरला आणि संपेपर्यंत गाड्या लावायच्या जागेत उभा राहिला. शिरीषला तो काचेतून दिसत होता.

सप्टेंबरच्या शेवटी तो घरी आला. आधी पत्र पाठवून विचारलं होतं आणि शिरीषने हो कळवलं होतं. सोनेरी केसांचा, हाडापेराने रुंद मुलगा, पण खांदे पार उतरलेले. त्याने सारंगची बॅग आणली होती, कॅनडाच्या पोलिसांनी त्याच्याकडे सोपवलेली. ती त्याने जिन्याजवळ ठेवली आणि बस म्हणायची वाट न बघता उभ्याउभ्याच बोलायला लागला. घरी शब्द पाठ करून आला असावा.

"मला तुम्हाला काय झालं ते सांगायचंय," तो प्रमोदिनीला म्हणाला. "मी दमलो होतो. खांदा दुखत होता. होडी उचलून न्यायचा मला कंटाळा आला. मीच म्हणालो, खळाळातून सरळ जाऊ. सारंग नको म्हणत होता."

प्रमोदिनीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग डचमध्ये, एकेक शब्द जुळवत म्हणाली, "सांगितलंस ना. आता जा."

शिरीष खिडकीपाशी उभा होता. मार्टेनने जाताना एकदाच त्याच्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात शिरीषला कळलं की हा मुलगा खोटं बोलतोय, आणि कशासाठी बोलतोय तेही.

कारण शिरीषला एक गोष्ट ठाऊक होती, जी त्याने कुणालाही सांगितली नव्हती.

सारंग गेला त्याच्या दोन दिवस आधी, रविवारी दुपारी, घरचा फोन वाजला होता. प्रमोदिनी मंडळाच्या गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमीला गेली होती. पोरांनी भाड्याने घेतलेल्या सॅटेलाइट फोनवरून सारंग बोलत होता. आवाज तुटत तुटत येत होता. दोन दिवस सोसाट्याचा वारा, तळ्यावर होडी घालता येईना, एका बेटावर अडकून पडलो होतो, म्हणाला. आता वारा पडलाय, पण आम्ही दोन दिवस मागे आहोत. विमानवाल्याला एकोणीसऐवजी एकवीसला बोलावू का? परतीचं तिकीट बदलून घेता येईल. फक्त तेवढी मुलाखत पुढे ढकलाल का?

ती मुलाखत शिरीषनेच ठरवली होती. सोमवारी, बावीस तारखेला, त्याच्याच कंपनीत, सहा महिन्यांच्या उमेदवारीसाठी. सारंगला ती फारशी नकोच होती. त्याला दलदलींवर काम करायचं होतं. आणि त्या गोष्टीचाच शिरीषला राग होता. दोन दिवसांचा प्रश्न नव्हता, एका फोनने मुलाखत पुढे गेली असती. पण त्याला वाटलं, पोरगा हे असंच हळूहळू टाळत नेणार.

"मी माझ्या साहेबाला शब्द दिलाय," तो म्हणाला होता. "तुझ्या सहलीसाठी मी तो मोडणार नाही. काहीतरी मार्ग काढ. जरा हात चालवा."

पलीकडे थोडा वेळ नुसती खरखर ऐकू आली. मग सारंग म्हणाला, "बरं, बघतो." आणखी एक-दोन वाक्यं बोलून त्याने फोन ठेवला.

प्रमोदिनी घरी आली तेव्हा शिरीषने फोनचं सांगितलं नाही. तिने सारंगची बाजू घेतली असती, भांडण झालं असतं. उद्या सांगू, असं म्हणून त्याने ते ठेवून दिलं. आणि बुधवारी पोलीस आले.

मार्टेन येऊन गेल्यावर पंधरा दिवस त्याने कसेबसे काढले. घरात प्रमोदिनी आता बोलायला लागली होती, आणि बोलायची ती मार्टेनबद्दलच. मंडळातल्या बायकांना फोनवर सांगायची, "त्याला कंटाळा आला म्हणून माझा मुलगा गेला." एकदा तिने मार्टेनच्या घरचा नंबर शोधून काढला आणि त्याच्या आईलाही हेच ऐकवलं. फोन ठेवल्यावर तिने भात लावला, शिरीषला जेवायला हाक मारली. त्याच्यावर ती कधी नव्हे इतकी मायेने वागत होती. त्याच्या ताटात दुसऱ्यांदा वाढायची, निघताना मफलर घेतला का विचारायची. ते त्याला सोसेनासं झालं.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी, कंपनीत काम आहे असं सांगून तो स्टेनवाइकपर्यंत आगगाडीने आणि पुढे बसने कालेनबर्गला गेला. एका लांबलचक कालव्याच्या दोन्ही काठांना घरं, आणि मागे बोरूचं रान, त्या दिवसांत पिवळं पडत आलेलं. मार्टेनच्या आईने दार उघडलं. तिने त्याला ओळखलं, पण ना रागावली ना रडली.

"तो विद्यापीठ सोडून आलाय," ती म्हणाली. "वडिलांबरोबर बोरू कापायला जातो. पण होडीत बसत नाही. आमच्याकडे सगळे कामावर होडीने जातात, हा काठाकाठाने चालत जातो. तासभर लागतो त्याला."

मार्टेन मागच्या अंगणात बोरूच्या पेंढ्या बांधत होता. शिरीष त्याच्या शेजारी उलट्या घातलेल्या एका होडीवर बसला.

"तू दमला होतास?" त्याने विचारलं.

मार्टेनने पेंढी खाली ठेवली. "सगळेच दमतात तिथे."

"खरं सांग. सारंगच्या आईने मला कधी विचारलं तर मला काय सांगायचं ते कळायला हवं."

मार्टेनने हातांना चिकटलेली कुसळं झटकली. मग म्हणाला, "फोन ठेवल्यावर सारंगने नकाशा काढला. विमानाच्या तळ्यापर्यंत होडी उचलायच्या अकरा जागा राहिल्या होत्या. त्याने हिशोब केला की त्यातल्या निम्म्या जागी पाण्यातूनच गेलो तर वेळेत पोचू. पहिले चार खळाळ आम्ही पार केले. सोपे होते. पाचव्याला मी काठावर उतरून बघितलं आणि नको म्हणालो. तो म्हणाला, एवढा एकच. आणि मी हो म्हटलं. मी पुढे बसलो होतो, तो मागे, होडी वळवायला. मी हो म्हटलं, हे खोटं नाही."

"मग घरी येऊन तसं का सांगितलंस?"

"तुम्ही त्यांना फोनबद्दल सांगितलं नसणार, हे मला अंत्यसंस्काराच्या दिवशीच कळलं," मार्टेन म्हणाला. "त्यांना घरात एक तरी माणूस हवं ज्याचा त्यांना राग येणार नाही. मी काय, लांब राहतो."

तो एकवीस वर्षांचा होता. शिरीषने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच किती वेळ बसून राहिला ते त्याला पुढे आठवलं नाही. मार्टेनच्या आईने दोघांना सूप आणून दिलं. त्याने ते सगळं प्यायलं, कारण न पिणं म्हणजे त्या घराचा अपमान झाला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रमोदिनी स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. शिरीष समोरच्या खुर्चीत बसला. फार फिरवून सांगायला गेलो तर हिय्या होणार नाही, हे त्याला माहीत होतं.

"सारंगचा फोन आला होता," तो म्हणाला. "रविवारी. तू तालमीला गेली होतीस."

तिचे हात थांबले. त्याने सगळं सांगितलं. वारा, बेट, दोन दिवस, मुलाखत, आपण काय बोललो ते. कालेनबर्गला गेल्याचं आणि मार्टेन काय म्हणाला तेही. ती त्याच्याकडे न बघता मेथीच्या जुडीकडे बघत ऐकत होती. त्याला वाटलं होतं ती ओरडेल, काहीतरी फेकेल. तेवढी त्याची तयारी होती.

"किती वाजता आला होता?" तिने विचारलं.

"दोन. सव्वादोन."

"आम्ही अडीचला चहा घ्यायला थांबलो होतो. मी घरीच असते तर," ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "माझी चौकशी केली का त्याने?"

शिरीष टेबलाकडे बघत म्हणाला, "हो."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, आई कुठाय. मी म्हटलं, तालमीला. तर म्हणाला, तिला सांगा, मी तळ्यातलं पाणी तसंच पितोय, ओंजळीने. उकळत नाही. पोट एकदम ठीक आहे. रागवेल ती, पण सांगा."

प्रमोदिनीने मान वर केली. दोन महिन्यांत पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे असं बघितलं असेल.

"हे माझं होतं," ती म्हणाली. "हे त्याने मला पाठवलं होतं. तुमची मुलाखत, तुमचा साहेब, ते तुम्ही आणि तो बघून घेतलं असतं. पण हे तुम्ही माझ्यापासून ठेवलंत. दोन महिने मी सगळ्यांना विचारत होते, त्याचं शेवटचं बोलणं कुणाशी झालं, काय झालं. तुम्ही इथे याच खुर्चीत बसून जेवत होतात."

ती उठली, निवडलेली मेथी न निवडलेल्या मेथीत मिसळली आणि सगळी केराच्या डब्यात टाकली. मग बाहेरच्या खोलीत जाऊन तिने मार्टेनला फोन लावला. तिचं डच कधीच धड नव्हतं. तरी शिरीषला भिंतीपलीकडून सगळं समजत होतं. "तू खोटं बोललास," ती सांगत होती. "माझ्यासाठी बोललास, ते मला कळलं. पुन्हा बोलू नकोस. मी तुझ्या आईला जे बोलले ते चूक होतं, तिला दे फोन."

या देशात अस्थी एक महिना शवदाहगृहातच ठेवतात, तसा कायदाच आहे. महिना कधीच उलटून गेला होता, पण आणायला कुणी गेलं नव्हतं. त्या आठवड्यात प्रमोदिनी एकटी बसने गेली आणि घेऊन आली. कलश तिने सारंगच्या खोलीत ठेवला आणि स्वतःचं अंथरूणही तिथेच नेलं. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ती भारतात गेली. शिरीषने आपलंही तिकीट काढू का म्हणून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "नको. मला त्याच्याबरोबर एकटीला जायचंय." तिने सारंगला नाशिकला नेलं की आळंदीला की आणखी कुठे, हे तिने सांगितलं नाही आणि शिरीषने विचारलं नाही. शिपोल विमानतळावर सोडायला तो गेला. ती तपासणीच्या रांगेत पुढे सरकत गेली, पिशवी छातीशी धरून, आणि वळून बघितलं नाही.

ती परत येणार नाही असं त्याच्या मनाने घेतलं होतं. मंडळातले लोक विचारायचे तेव्हा तो, माहेरी गेलीय, एवढंच सांगायचा. कंपनीत ज्या साहेबाला त्याने शब्द दिला होता तो एकदा जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, त्या मुलाखतीचं काय, आम्ही ती कधीही घेतली असती. सांत्वन म्हणूनच म्हणाला बिचारा. शिरीषने डबा झाकला आणि बाहेर जाऊन सायकलींच्या रांगांमधून हिंडत राहिला. आपली सायकल कुठली तेच त्याला आठवेना.

डिसेंबरच्या मध्यावर प्रमोदिनी आली. बारीक झाली होती. तिने बॅग उघडली, कपडे कपाटात लावले, फ्रीज धुऊन काढला. अंथरूण मात्र सारंगच्याच खोलीत राहिलं. दोघं एकमेकांशी लागेल तेवढंच बोलत: कचरा बाहेर ठेवला का, डॉक्टरांकडे किती वाजता जायचंय. शिरीषने माफी मागायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा तिने हात वर करून थांबवलं आणि ती उठून गेली.

आणि मग जानेवारीतल्या एका संध्याकाळी ती येऊन त्याच्यासमोर बसली. बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्यामधलं काहीतरी पडत होतं.

"सांगा," ती म्हणाली.

"काय?"

"फोन वाजला तिथून सांगा."

त्याने सांगितलं. फोन वाजला, खरखर झाली, सारंग म्हणाला, बाबा, ऐकू येतंय का. वारा, बेट, दोन दिवस. आपलं बोलणं आलं तेव्हा त्याची जीभ जड झाली. "मी म्हटलं, जमतंय का बघ, नाही तर काढू काहीतरी मार्ग."

"असं नव्हतं म्हणालात," प्रमोदिनी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मागे सांगितलंत तेव्हा वेगळं होतं. जसं होतं तसं सांगा."

शिरीषने डोळे मिटले. "मी म्हटलं, मी माझ्या साहेबाला शब्द दिलाय. तुझ्या सहलीसाठी मी तो मोडणार नाही. काहीतरी मार्ग काढ. जरा हात चालवा."

"मग?"

"मग तो म्हणाला, बरं, बघतो. मग म्हणाला, आई कुठाय."

"हं," ती म्हणाली, आणि पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसली. "आता सावकाश सांगा."